चमचा : नाही

भिंतीवरचा उजेडाचा ठिपका किंचित हलत होता – किंवा हलत नव्हता, डोळ्यांत पाणी असलं की सगळंच हलतं. लुस्मिलाने पदराच्या, म्हणजे शालीच्या, टोकाने डोळे पुसले. ठिपका होता तिथेच होता, सान इसिद्रो या संताच्या मूर्तीच्या फळीच्या वीतभर खाली. खिडकीतल्या चमच्याच्या पोटावर पडलेलं ऊन रोज साडेसातच्या सुमाराला तिथे जाऊन बसायचं, ढग नसले तर. चमचा चौकटीला दोऱ्याने टांगलेला, काचेला जेमतेम टेकलेला. सूप प्यायचा साधा चमचा, दांड्यावर नवऱ्याच्या, विल्फ्रिदोच्या, दातांची खूण. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने तो टांगला तेव्हा ती म्हणाली होती, घरात चमचे चार आणि माणसं तीन, म्हणून काय एकाला फाशी द्यायची? आता माणूस एक, चमचे चारच... आणि चमचा गप्प. आज दहावा दिवस.

गप्प आहे हे चांगलंच की. डोंगर गप्प, म्हणून चमचा गप्प. घराच्या मागे, बटाट्याच्या शेताच्या वर, ओढ्याच्या पलीकडे आई उर्पीना बसलेली – डोक्यावर बर्फ आणि पोटात आग, पाताकुचो गावातल्या कुठल्याही म्हातारीसारखी, असं विल्फ्रिदो म्हणायचा आणि म्हणताना बायकोकडे बघायचा. हा ज्वालामुखी जागा झाला त्या वर्षी शहरातून इंजिनियर लोक आले, त्यांनी उतारावर यंत्रं पुरली आणि डोंगराच्या अंगाखांद्यावर राहणाऱ्या अकरा घरांत एकेक वॉकीटॉकी दिला. तुम्ही राखणदार. रोज संध्याकाळी पाचला हजेरी. डोळ्यांना दिसेल, कानांना येईल, नाकाला कळेल ते सांगायचं. पण गुरगुर किती मोठी ते कसं सांगायचं? इंजिनियरांकडे त्याला आकडे होते. विल्फ्रिदोकडे घर होतं. चमचा वाजला तर लहान. खिडकी वाजली तर मध्यम. दार वाजलं तर मोठं. आणि फळीवरचे सान इसिद्रो खाली आले तर बोलत बसायचं नाही, पांघरूण गुंडाळायचं आणि निघायचं. खालच्या बेसवरची, म्हणजे इंजिनियरांच्या केंद्रावरची, माणसं आधी हसली. मग त्यांनी महिनाभर ते यंत्राच्या आकड्यांशी ताडून पाहिलं, आणि हसायची थांबली. आता त्यांच्या वहीत पाताकुचोच्या पानावर चार रकाने छापूनच येतात – चमचा, खिडकी, दार, संत – आणि त्यांच्यापुढे रोज संध्याकाळी एक आहे किंवा नाही.

सात वर्षांपूर्वी विल्फ्रिदो गेला, छातीच्या दुखण्याने, डोंगराने नव्हे. वॉकीटॉकी परत न्यायला आलेल्या माणसाला तिने भाजलेला मका आणि चीज खाऊ घातलं आणि वॉकीटॉकी दिला नाही. तेव्हापासून ती पापा-चार. रेडिओवरच्या बोलीत ‘प’ला पापा म्हणतात, आणि पाताकुचोत पापा म्हणजे बटाटा, त्यावरून पोरं तिला बटाटा-चार म्हणायची, म्हणेनात का. पाचला कोणीतरी तिला नावाने हाक मारत होतं आणि उत्तराची वाट बघत होतं. त्या एका पाचसाठी बाकीचा दिवस ओढता येतो, हे तिने कोणाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

आणि गेल्या दहा दिवसांत तर तिचा भाव फारच वधारला होता. वरच्या उतारावरचं यंत्र बंद पडलं होतं, वाऱ्याने की राखेने कोण जाणे. माणसं सोमवारी चढणार होती. “दोन्या लुस्मिला,” बेसवरची दामारिस बाईसाहेब म्हणावं तशा अदबीने म्हणाली होती, त्या पोरीचा आवाज जाडसर, रेडिओत सुद्धा मायेचा, “तुमच्या बाजूला आम्ही सध्या आंधळे आहोत. सोमवारपर्यंत तुमचा चमचा हेच आमचं यंत्र.” “मग त्याला तुमच्या खात्याची टोपी तरी पाठव,” ती म्हणाली होती, आणि बाकीच्या दहा स्वयंपाकघरांतून हसू आलेलं तिला ऐकू आलं होतं. की वाटलं होतं? हल्ली ऐकू येणं आणि वाटणं यांच्यामधली भिंत जरा...

असो. चूल पेटवायला हवी.

चुलीजवळच्या कोपऱ्यात कुय, म्हणजे गिनीपिग, होते, सात-आठ, मूठभर अंगाचे, केसाळ. कुय कुय करतात म्हणून नाव कुय. गवताचा भारा टाकला की त्यांचा गलका व्हायचा, शाळा सुटल्यासारखा. तिने भारा टाकला. ते धावले, एकमेकांच्या पाठीवर चढले, तोंडं उघडली – आणि गलका झाला नाही. ती वाकून बघत राहिली. हेही गप्प? जनावरांना आधी कळतं म्हणतात. डोंगर फुटला त्या ऑगस्टात तापलेल्या राखेच्या लोंढ्याखाली पलीकडच्या घळीतली तीन घरं गेली, त्याच्या आदल्या दिवशी तिथले कुत्रे भुंकेनासे झाले होते, असं मागाहून सगळे सांगत होते. मागाहून सगळ्यांनाच सगळं आठवतं. चमचा गप्प, कुय गप्प... आई, तू श्वास तर धरून ठेवला नाहीस ना?

तिने मातीचं खापर चुलीवर ठेवलं, चरबी घातली, मका टाकला. दाणे फुगले, टणाटण उडायला लागले, एक तिच्या मनगटाला चटका देऊन गेला. आवाज येत होता. हो, येत होता – पण लांबून, गोधडीखालून आल्यासारखा. सर्दी असेल. गेल्या रविवारी मुर्सियाहून मुलीचा फोन आला होता. तिकडे स्पेनमध्ये ती म्हाताऱ्या माणसांची सेवा करते आणि सगळ्या जगाकडे आता त्याच नजरेने बघते. “आई, दर वाक्याला ‘काय’ म्हणतेस तू. कान दाखव कोणाला तरी.” “तुझा फोन दाखव कोणाला तरी,” लुस्मिलाने सुनावलं होतं. समुद्रापलीकडून आलेल्या आवाजाचे दोन-चार शब्द वाटेत सांडणारच.

मका आणि सातूचं पीठ खाऊन ती बाहेर आली. आई उर्पीना आज पूर्ण उघडी होती, खांद्यापर्यंत बर्फ, माथ्यावर पांढऱ्या वाफेचा एवढासा तुरा. किती शहाण्यासारखी बसली आहे, लुस्मिलाच्या मनात आलं, पाहुणे यायचे म्हणून वेणीफणी करून बसल्यासारखी. मग तिचं तिलाच हसू आलं. पाहुणे खरंच यायचे होते. रविवारी गावच्या देवीचा, मारियामातेचा सण. घळीच्या काठाकाठाने मिरवणूक आणि वरच्या चॅपेलपाशी जेवण.

त्याच कामाने एलिसेओ वर चढून आला, मागे त्याचा तांबडा कुत्रा. एलिसेओ म्हणजे गावपंचायतीचा अध्यक्ष, म्हणून त्याच्या दुकानातही एक वॉकीटॉकी, ढेरपोट्या, दिलदार, आणि स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात पडलेला. त्याच्या धाकटीच्या बाप्तिस्म्याला लुस्मिला धर्ममाता होती, तेव्हापासून दोघं एकमेकांना कोमाद्रे आणि कोम्पाद्रे, आणि भांडण झालं तरी अहो-जाहो.

“काय कोमाद्रे, आमच्या म्हातारीची तब्येत कशी?” त्याने डोंगराकडे हनुवटी केली.

“माझ्यापेक्षा बरी.”

“तशीच राहू दे रविवारपर्यंत. अहो, माणसं येताहेत! कीतोहून, ग्वायाकीलहून. आठ वर्षांत सणाला घरी आली नाहीत अशी माणसं. सहा गाड्या ठरवल्यात.”

“दहा?” ती म्हणाली. “अबब! एवढ्यांना जेवायला काय घालणार?”

“सहा म्हटलं, सहा.”

“तेच म्हणते मी. दहा गाड्या म्हणजे चारशे माणूस...”

“सहा हो, सहा!” त्याने तिच्या नाकापुढे एक पंजा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा धरला. “कानात राख साचली का तुमच्या? धुवा जरा. राखणदाराचे कान हे गावाचे कान.” आणि तो गडगडाटी हसला, ते मात्र तिला सगळं ऐकू आलं. “आणि पाचच्या हजेरीला काही भलतंसलतं बोलू नका बरं. नाहीतर पुन्हा मांजराचा उद्रेक.”

“ते मांजर मेलं.”

“पण गोष्ट जिवंत आहे!”

तो निघाला. फाटकापाशी थांबून त्याने बटाट्याच्या सऱ्यांतून हुंदडणाऱ्या कुत्र्याकडे पाहिलं, दोन बोटं तोंडात घातली, गाल फुगवले. लुस्मिला बघत होती. त्याचे गाल फुगले आणि बसले, पुन्हा फुगले. शेताच्या टोकाला कुत्र्याने झटकन मान वळवली आणि तो कान पाडून मालकाकडे धावत आला.

शिट्टी कुठे होती?

ती तशीच उभी राहिली, हातात खुरपं. एलिसेओ उतारावरून दिसेनासा झाला, कुत्र्याचं शेपूट दिसेनासं झालं. एलिसेओची शिट्टी म्हणजे घळीपलीकडच्या गाई वळवणारी, लहानपणी चर्चमध्ये वाजवून मार खाल्लेली शिट्टी... कुत्र्याला ऐकू आली. मला नाही. सर्दी नव्हे, फोन नव्हे. सहाचा दहा झाला, कारण सहामधला ‘स’ माझ्यापर्यंत पोचलाच नाही, नुसता ‘हा’ पोचला, आणि पुढचं मी माझ्या मनाने लावलं. शिट्टीची अक्षरं गळून पडताहेत. जाडीभरडी राहताहेत – एलिसेओचं हसू, दामारिसचा आवाज, गाईचं हंबरणं. बारीक ते गेलं. कुयांचं कुयकुयणं बारीक. खापरातल्या मक्याचा तडतडाट बारीक. आणि...

तिने खुरपं तिथेच टाकलं.

घरात यायला वीस पावलं लागतात. त्या वीस पावलांत तिने सान इसिद्रोला चार नवस बोलायला घेतले आणि एकही पुरा केला नाही. खिडकीतला चमचा लोंबत होता, नेहमीसारखा, मुका. भिंतीवरचा ठिपका एव्हाना निघून गेला होता. तिने उजव्या हाताची दोन बोटं पुढे केली, मागे घेतली, एप्रनला पुसली आणि चमच्याच्या पोटाला टेकवली, ताप बघताना बाळाच्या कपाळाला टेकवतात तशी.

काही नाही. काही नाही. तिने आकडे मोजले, सत्तावीसपर्यंत आली, देवा, काहीच नाही, मी उगाच...

आलं.

बारीक, झिणझिण, बोटांच्या टोकांतून नखांपर्यंत, आणि काचेवर धातूची टकटक, इतकी जलद की टकटक म्हणताही येणार नाही. तिने दुसऱ्या हाताचा तळवा काचेवर ठेवला. काच स्वस्थ होती. फक्त चमचा. चार-पाच श्वास तो वाजला आणि थांबला. ती पुन्हा मोजायला लागली. एकतिसाला पुन्हा आलं.

सकाळचा ठिपका हलतच होता तर. डोळ्यांनी सांगितलं होतं आणि तिने डोळे पुसले होते.

ती खाली बसली, तिथेच, खिडकीखालच्या बाकावर. आधी मनात आलं ते अगदी क्षुद्र होतं, आणि तिला ते कळतही होतं: वॉकीटॉकी काढून घेतील. एलिसेओच्या पुतण्याला कधीचा हवा आहे. घेतीलच, का नाही घेणार, बहिऱ्या म्हातारीला कोण राखणदार ठेवेल... पाच वाजतील आणि पापा-चारच्या जागी दुसरा कोणी बोलेल, आणि मी इथे चुलीपुढे बसून असेन, आणि ते मला ऐकूही येणार नाही. मग मनात आलं ते याहून वाईट होतं. नऊ दिवस. नऊ संध्याकाळी मी म्हटलं, नवीन काही नाही, आणि दामारिसने वहीत लिहिलं, चमचा: नाही. त्या नाहीवर विसंबून सहा गाड्या ठरल्या. त्या नाहीवर चारशे नव्हे, पण अडीचशे माणसं रविवारी घळीच्या काठाने चालणार, पोरं खांद्यावर घेऊन.

आणि विल्फ्रिदो... हे मात्र तिला रडू आणणारं होतं आणि तिने येऊ दिलं. तो चमचा रात्री-अपरात्री वाजला की ती मनात म्हणायची, हं, जागा आहेस होय. सात वर्षं ती त्या आवाजाशी बोलत आली होती. तो बंद झाला तेव्हा तिला चुकल्यासारखं वाटलं होतं, पण डोंगर शांत झाला याचा आनंद मोठा होता म्हणून तिने ते बाजूला ठेवलं होतं. म्हणजे तो बोलतच होता. नऊ दिवस काचेवर टकटक करत होता बिचारा आणि बायको आतून दार उघडत नव्हती.

दुपार कशी गेली ते तिला नीट सांगता आलं नसतं. ती शेतात गेली, दोन सऱ्यांतलं तण काढलं, परत आली, बोटं लावली. सत्तावीस. चौतीस. तीस. पुन्हा गेली. काम करता करता एक विचार हळूच शेजारी येऊन बसला, अगदी सभ्यपणे. वॉकीटॉकीचं बटण दाबून आत्ता सांगायला काय हरकत आहे? नाही, पाचलाच सांगू. आणि पाचला काय सांगायचं? तर – चमचा वाजला. एवढंच. आज वाजला. ते खोटं नाही. आज वाजतोच आहे. बेसवर कळेल, ते काय ते बघतील, गावाला सावध करतील, आणि पापा-चारच्या कानांबद्दल कोणी विचारणारही नाही. पुढे रोज बोटं लावून बघायचं. कोणाला कळतंय, ऐकते की चाचपते?

हे इतकं सोपं होतं की ती खुरपं टेकून हसली. हसता हसता थांबली. आज सुरू झालेलं आणि नऊ दिवस चाललेलं, हे दोन्ही एक कसं होईल? पोट दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला डॉक्टर पहिलं काय विचारतो? कधीपासून.

मग तिला मांजर आठवलं. बारा वर्षं झाली. चारच्या सुमाराला फळीवरून सान इसिद्रो धाडकन खाली आले, नांगरासकट, आणि विल्फ्रिदोने बटण दाबून आरोळी ठोकली – संत पडले! दोन तासांत सगळं पाताकुचो खाली खोऱ्यातल्या शाळेत. दोन दिवस, दोन रात्री, बाकांवर, कोंबड्यांसकट. डोंगर आपला ढिम्म. तिसऱ्या दिवशी घरी आले तर फळीवर, संतांच्या जागी, मांजर पाय पसरून झोपलेलं आणि फळीभर मातीने माखलेल्या पंजांचे ठसे. ते कोणालाही कळलं नसतं. लुस्मिलाने ओलं फडकं घेऊन फळी पुसली सुद्धा. आणि त्या माणसाने संध्याकाळी पाचला, सगळं खोरं ऐकत असताना, शांतपणे सांगितलं: “पापा-चार. परवाचे संत डोंगराने पाडले नाहीत. मांजराने पाडले. वहीत दुरुस्त करा.” ती महिनाभर त्याच्याशी धड बोलली नव्हती. गावाने वर्षभर त्यांना मांजरवाले म्हटलं. “कोणी विचारलं होतं तुम्हाला?” ती किंचाळली होती. आणि तो, बुटाची नाडी सोडत, तिच्याकडे न बघता म्हणाला, “लोक हसतील आणि विसरतील. वही हसतही नाही आणि विसरतही नाही, बाई.”

लोक काही विसरले नाहीत, ते त्याचं चुकलं. पण पुढच्या वेळी, त्या ऑगस्टात, विल्फ्रिदोने जेव्हा दार म्हटलं, नुसतं दार, संतही नव्हे – तेव्हा एकाने सुद्धा विचारलं नाही की मांजर कुठे होतं. पाताकुचोतलं एकूण एक माणूस उठून चालू लागलं. ज्याने आपली चूक आपणहून सांगितली त्याचं खरंही खरंच असणार, असं काहीसं त्यांच्या पायांना कळलं असावं. तेव्हा तिने हा असा विचार केला नव्हता. आज बटाट्याच्या सरीत उभी राहून तिने तो पहिल्यांदा केला, आणि बारा वर्षं उशिरा नवऱ्यावरचा राग सोडून दिला. बरं वाटलं. कंबर सुद्धा जरा कमी दुखायला लागली.

पाचला दहा मिनिटं होती तेव्हा तिने हात धुतले, वेणी पुन्हा घातली – रेडिओवर वेणी दिसत नाही हे तिला माहीत होतं – आणि बाक खिडकीशी ओढला. डाव्या हाताची दोन बोटं चमच्यावर. उजव्या हातात वॉकीटॉकी. बाहेर आई उर्पीनाचा बर्फ गुलाबी व्हायला लागला होता.

“बेस बोलतेय. शुभ संध्याकाळ सगळ्यांना. पापा-एक?”

“नवीन काही नाही.”

“पापा-दोन?”

“ढग आलेत, माथा दिसत नाही. बाकी नवीन काही नाही.”

“पापा-तीन?”

पापा-तीन खोकला, गाईबद्दल काहीतरी म्हणाला, मग म्हणाला, नवीन काही नाही. हे तीन शब्द ते अकरा जण आमेन म्हणावं तसे म्हणायचे, अर्थाकडे न बघता. जिभेला त्यांची सवय इतकी झाली होती की लुस्मिलाच्या तोंडात ते आत्ताही तयार होते, नुसतं तोंड उघडायचा अवकाश...

“पापा-चार?”

बोटांखाली झिणझिण आली. तिने बटण दाबलं.

“पापा-चार,” ती म्हणाली. “नवीन आहे.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा जाड आवाज झाला. “सांगा, दोन्या लुस्मिला.”

“चमचा वाजतोय, तीसेक मोजेपर्यंत पुन्हा पुन्हा. पण आज वाजायला लागलेला नाही. तू नऊ दिवस माझं नाही लिहून घेतलंस ना, ते सगळे नाही खोड. डोंगर गप्प नव्हता. मला ऐकू येत नाही. बारीक आवाज येत नाहीत मला, शिट्टी येत नाही, चमचा येत नाही. कधीपासून ते मला माहीत नाही. नऊ दिवसांच्याही आधीपासून असेल. आज हात लावून बघितला तेव्हा कळलं.”

तिने बटण सोडलं. आता ती शांतता आली. ही तिला पक्की ऐकू आली, कारण तिच्यात अकरा स्वयंपाकघरं होती, दूध गोळा करायचं केंद्र होतं, एलिसेओचं दुकान होतं, आणि कोणीच काही बोलत नव्हतं. आता घ्या काढून, तिच्या मनात आलं. घ्या. हलकं वाटतंय.

पहिला बोलला तो एलिसेओ, हजेरीत मध्ये बोलायचं नसतं तरी. “कोमाद्रे... मांजर नाही ना?”

कोणीतरी फिसकन हसलं.

“मांजर मेलं म्हणून सकाळीच सांगितलं तुम्हाला, कोम्पाद्रे. आता कान तुम्ही धुवा.”

हसू मोठं झालं आणि ओसरलं. एलिसेओचा श्वास रेडिओत घरघरत होता. आठ वर्षांनी येणारी माणसं, बँड, जेवणाची डुकरं – त्या श्वासात सगळं होतं, आणि तिला त्याची फार माया वाटली. मग तो म्हणाला, “बरं. गाड्या वर नको आणायला. खाली शाळेपाशी थांबवतो. मारियामातेला काय, शाळेच्या अंगणात सुद्धा नाचता येईल. निघायचं असेल तर ते बेसने सांगावं. ऐकू आलं का? सहाच्या सहा गाड्या, खाली!”

“दहाच्या दहा,” लुस्मिला म्हणाली.

“दोन्या लुस्मिला,” दामारिसचा आवाज आला, नेहमीचा जाडसर, पण आता तिच्या शब्दांमध्ये घाई होती, आणि त्या घाईला घाबरणं म्हणता येत नव्हतं. “हात अजून तिथे आहे?”

“आहे.”

“काढू नका. ती थरथर आली की ‘आता’ म्हणा. नुसतं आता. थांबली की ‘थांबली’. मी घड्याळ लावलंय. सोमवारची वाट बघत नाही आम्ही, पहाटेच वर माणसं पाठवतोय, पण तोवर... तुमच्या बाजूला माझ्याकडे दुसरं काहीच नाही. जमेल ना?”

“जमेल,” ती म्हणाली. आणि मग, विचारायचं नव्हतं तरी, “आणि वॉकीटॉकी?”

“कुठला वॉकीटॉकी?” दामारिसला प्रश्नच कळला नव्हता. ती आधीच घड्याळाकडे बघत असावी.

लुस्मिला बाकावर जरा सरसावून बसली. उद्या कदाचित कळेल तिला प्रश्न. उद्या कदाचित एलिसेओचा पुतण्या दारात उभा असेल. उद्या कदाचित चादर गुंडाळून सगळ्यांनी खाली जायचं असेल, किंवा डोंगर कूस बदलून पुन्हा झोपेल, तीस वर्षं. तिला माहीत नव्हतं, आणि त्या माहीत नसण्यात आज सकाळची ती धास्ती नव्हती. बर्फावरचा गुलाबी रंग वर वर चढत माथ्यापाशी पोचला होता. घरात काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. इतकी वर्षं आपण आई उर्पीनाला नुसतं ऐकलं, तिच्या मनात आलं, लांबून, काचेतून, आणि विल्फ्रिदोला सुद्धा तसंच... हात असा कधी धरलाच नव्हता.

दोन बोटांच्या टोकांत काहीतरी जागं झालं.

“आता,” ती म्हणाली.